तक्रारीचा चहा

बेळगावपासून निपाणीपर्यंत स्वतःच्या मालाची निंदा ऐकायला इतका आसुसलेला दुसरा धंदेवाला कुणी दाखवला, तर मी त्याच्या दारात जन्मभर झाडलोट करीन. कंग्राळीत आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खुरपी घडवणारे हे आप्पा. त्यांच्याकडे चहाचा नेम कडक. तक्रार आणणाऱ्याला चहा, कौतुक करणाऱ्याला पाणी. मूठ तुटली म्हणणाऱ्याला तर चहाबरोबर खारी. शहरातला एक बडा दुकानदार एकदा गाडीतून उतरला नि म्हणाला, "आप्पा, तुमचं खुरपं म्हणजे एक नंबर!"

"रानात तण काढून, भांगलून बघितलासा?"

"मी? न्हाय बा."

"मग तुमास्नी कसं कळलं?" असं म्हणून आप्पांनी त्याला पाणी दिलं. तेही तापली खुरपी विझवायच्या बादलीतलं, असं मी सगळीकडे सांगतो.

चहाची खरी मानकरी म्हणजे जांबोटीची एक म्हातारी आक्का. दर हंगामाला दोन गाड्या बदलून यायची आणि खुरपं आप्पांच्या पुढ्यात आपटायची. "मूठ हाय का मुसळ? तळहात सोलून निघाला की रं!" आप्पा हरखायचे. एका वर्षी तर ते तिच्या शेतात जाऊन बायकांच्या ओळीत दिवसभर भांगलायला बसले. गवत जेवढं उपटलं तेवढंच भातही. "अरं, पीक उपटालायास, आप्पा!" आक्काची ही हाक म्हणे थेट खानापुरात ऐकू गेली. परत आल्यावर आप्पा तळहातावरचा फोड अख्ख्या कंग्राळीला पदकासारखा दाखवत फिरले. फोड जिथं आला होता, तिथं टेकणारा मुठीचा भाग दुसऱ्या दिवशी त्यांनी तासला. आज इकडच्या निम्म्या बायकांच्या हातातलं खुरपं त्या फोडाच्या मापाचं आहे. आक्काचं मात्र समाधान नाही. "मी मरायच्या आत ह्या बाईनं एकदा बरं म्हणावं," एवढीच आप्पांची इच्छा.

यंदा आक्का आली. खुरपं आपटलं नाही, अलगद ठेवलं. "आता जमलंया बघ, आप्पा. लई झ्याक हाय."

मला वाटलं, आप्पा आता नाचणार. ते खुरपं उलटंसुलटं करून बघत राहिले. पात्याला मातीचा कण नव्हता.

"आक्का, भांगलायला कवा गेलतीस?"

"न्हाय जमत रं. गुडघं धरल्यात. सुना जात्यात. तुला सांगायचं तेवढं ऱ्हायलं हुतं, म्हणून आलो."

नेमाप्रमाणे पाणी द्यायचं. आप्पांनी चहा सांगितला, वर खारी. मग चार दिवस खपून खुर्चीत बसून भाजी चिरता येईल अशी उंच विळी घडवली आणि स्वतः जांबोटीला नेऊन दिली. "वापर, आन् शिव्या द्यायला ये," म्हणाले.

त्याला तीन महिने झाले. वळणावर बस थांबली की आप्पा हातोडा खाली ठेवून उतरणाऱ्यांकडे बघतात. विळीची तक्रार अजून आलेली नाही. खारी मात्र ते रोज ताजी आणतात. संध्याकाळी ती मला खावी लागते. चांगली असते, पण मी तसं म्हणत नाही.