मृणालच्या लग्नातलं गिमलेट

मी तेव्हा सैन्यात कॅप्टन होते. इंजिनिअर्सची आमची कंपनी उत्तरेकडच्या डोंगरांत एका खिंडीकडे जाणारा रस्ता हिवाळाभर उघडा ठेवायची. उजाडताच डोझर बाहेर पडायचे, साचलेला बर्फ कडेला ढकलायचे, त्यामागून रेशनच्या गाड्या जायच्या. पुन्हा बर्फ पडायचा. पुन्हा डोझर. लोक विचारतात, तिथे तुम्ही काय करायचात? हेच करायचो.

मी बनारसची. आमचं घर संकठा घाटाजवळ. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. वडील आणि थोरला भाऊ पौरोहित्य करणारे. जिनची बाटली मी पहिल्यांदा जवळून पाहिली ती मेसमध्ये.

कंपनी कमांडर मेजर निरंजन जोगळेकर भुसावळचे होते. रविवारी जेवणाआधी ते स्वतः ड्रिंक्स बनवायचे. मेस वेटरने फक्त बर्फ आणायचा, आणि त्याची आमच्याकडे ददात नव्हती. शेकर नव्हता म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा थर्मास वापरायचे.

"ज्यात लिंबू आहे ते हलवायचं, ज्यात नुसती दारू ते ढवळायचं," ते मला शिकवत. "मार्टिनी हलवलीस तर कोर्टमार्शल."

मार्टिनी म्हणजे जिन आणि अगदी थोडी ड्राय व्हर्मूथ वाइन, बर्फावर ढवळलेली. टॉम कॉलिन्स म्हणजे जिन, लिंबू, साखर आणि वरून सोडा. पण त्यांचं स्वतःचं म्हणजे गिमलेट. त्यासाठी लागणारा लिंबाचा गोड अर्क बाटलीतला चालायचा नाही. लिंबाची हिरवी साल तेवढी सोलून ते साखरेत चुरायचे. पांढरा भाग आला की सगळं कडू. साखर ओलसर झाली की त्यात रस पिळायचा, गाळायचं. त्याच्या दुप्पट जिन. मग हात गारठेपर्यंत हलवायचं. प्रत्येकाला एक ग्लास. दुसरा कोणालाही नाही, त्यांनाही नाही.

त्या फेब्रुवारीत सलग दोन दिवस बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी आकाश उघडलं आणि खबर आली की पुढच्या वळणावर कडा घसरलाय. पलीकडे दोन गाड्यांत रस्त्यावरचे मजूर अडकले होते. रात्र त्यांनी गाडीतच काढली होती. मी बूट चढवले.

"तू वायरलेस सेटवर बस," सर म्हणाले. "मी जातो."

"सर, आज मी—"

"सेटवर."

त्यांच्याबरोबर डोझरवर हवालदार दलजीत सिंग होता. आमचा सगळ्यांत जुना ऑपरेटर. दुपारपर्यंत दोघांनी माणसं पायी येतील एवढी वाट काढली.

"माणसं निघाली. दहा-दहाच्या टोळीने सोडतोय. ओव्हर."

"रॉजर, सर. उतार कसा आहे? ओव्हर."

"आवडत नाहीये. शेवटची टोळी राहिली. वेट. आउट."

मी वाट पाहिली. मग हाक दिली. पुन्हा दिली. सेटवर नुसती खरखर.

शेवटची टोळी या बाजूला पोहोचली होती. उतार पुन्हा घसरला तो डोझरवर. आम्ही पोहोचलो तेव्हा तेच मजूर फावडी घेऊन खणत होते. रात्रभर उपाशी असलेली माणसं. त्यांना मागे जायला सांगितलं, एकही हलला नाही. अंधार पडायच्या आत दोघेही सापडले. दोघेही गेलेले.

दलजीतच्या पार्थिवाबरोबर आमचे सुभेदार साहेब पंजाबला गेले. निरंजन सरांना घेऊन मी भुसावळला गेले. त्यांचे वडील नाना, रेल्वेतले निवृत्त गार्ड, दारातच उभे होते. मला एकच प्रश्न विचारला.

"जेवून गेला होता का?"

"हो नाना. पराठे खाऊन."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या मागे सरांची बायको मृणाल होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती.

पुढे मी मेजर होऊन निवृत्त झाले आणि बनारसला परतले. भावाच्या घरात माझ्या बाटल्यांना जागा नव्हती, म्हणून सिगऱ्याला फ्लॅट घेतला. दोन वर्षांनी मृणालला इथल्या युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्र शिकवायची नोकरी लागली. तिला खोली मी शोधून दिली. मला ती ताई म्हणते. रविवारी जेवायला यायची. गेल्या वर्षी एका रविवारी तिने सांगितलं की तिच्या विभागातले आलोक त्रिपाठी तिला लग्नाचं विचारताहेत.

"नानांना सांगितलंस?"

"त्यांना आधी सांगितलं. मग आलोकला हो म्हटलं."

लग्न रजिस्टर पद्धतीने ठरलं, नंतर माझ्याकडे जेवण. आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"ताई, ड्रिंक्स काहीही कर. फक्त गिमलेट नको."

मी कारण विचारलं नाही. टॉम कॉलिन्सचं सामान आणलं.

नाना भुसावळहून दोन दिवस आधीच आले होते. लग्नाच्या सकाळी अमृतराव घाटावर स्नान केलं, धुतलेलं धोतर नेसले आणि ऑफिसात साक्षीदार म्हणून पहिली सही केली. घरी आल्यावर थेट माझ्या स्वयंपाकघरात आले. ओट्यावरची जिन, सोडा, लिंबं बघत राहिले. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता.

"निरंजन काय बनवायचा गं? फोनवर सांगायचा, लिंबाचं काहीतरी."

"गिमलेट."

"तेच कर."

"मृणाल नको म्हणाली, नाना."

त्यांनी एक लिंबू उचलून पुन्हा ओट्यावर ठेवलं. मग म्हणाले, "मी बोलतो तिच्याशी."

ती बाल्कनीत होती. दार उघडं होतं, त्यामुळे मला ऐकू आलं.

"नाना, आजच्या दिवशी आलोकला कसं वाटेल?"

"कसं वाटायचं ते त्याचं त्याला वाटू दे. तू आज निरंजनला लपवलंस ना बाळ, तर उद्यापासून तुमच्या घरात त्याचं नाव घ्यायची चोरी होईल. मी भुसावळहून फोन करायचा आणि कोणाबद्दल बोलायचं?"

नाना हळू म्हणाले, "लग्न केलंस. सुखाने राहा. पण त्याला परका करू नकोस."

मी सोड्याची बाटली उघडणार होते, तशीच ठेवली. थोड्या वेळाने मृणाल आत आली. डोळे पुसलेले होते. लग्नाच्या साडीचा पदर तिने कमरेला खोचला.

"साली मी काढते," म्हणाली.

कागदी लिंबाची साल इतकी पातळ निघते की हात कापरा असला तर पांढरं येतंच. तिच्या हाताला आलं नाही. साखरेत साल चुरून आम्ही अर्धा तास तशीच ठेवली. तेवढ्यात आलोक दारात डोकावला.

"कुछ मदद करूँ? क्या बन रहा है?"

मी मृणालकडे पाहिलं. उत्तर तिने दिलं.

"निरंजन की ड्रिंक. संडे को बनाते थे."

आलोक आत आला. मग बाह्या दुमडून म्हणाला, "नींबू हम निचोड़ देते हैं."

त्याने सगळी लिंबं पिळली. मी गाळलं, जिन घातली, बर्फ घातला, हात गारठेपर्यंत हलवलं. तीन छोटे ग्लास. नानांना मी साधं लिंबू-पाणी देऊ केलं. त्यांनी ग्लास बाजूला सारला.

"मलाही तेच. घोटभर."

बाहेरच्या खोलीत आलो. आलोकने सवयीने ग्लास पुढे केला, चिअर्स म्हणायला. मी त्याला हिंदीत सांगितलं, "गेलेल्यांच्या नावाने घेतो तेव्हा ग्लासला ग्लास लावत नाहीत. उभं राहतात. बोलत नाहीत."

पहिला आलोक उठला. नानांच्या कोपराला हात देऊन त्यांना उठवलं. मृणाल माझ्या शेजारी उभी राहिली.

मी दोन नावं घेतली. मेजर निरंजन जोगळेकर. हवालदार दलजीत सिंग. आम्ही गप्प उभे राहिलो आणि मग प्यालो.

नानांनी तोंड वाकडं केलं.

"आंबट आहे."

"असतंच, नाना."

"कैऱ्या चोरायचा," ते म्हणाले. "रेल्वे क्वार्टर्सच्या मागे. दात आंबले की रडत यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच."

आलोकने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "फिर, बाबूजी?"

नानांची सगळी नोकरी हिंदीत गेली, पण निरंजनबद्दल त्यांना मराठीतच बोलता येत होतं. ते सांगत होते आणि मृणाल आलोकला हिंदी करून देत होती. कैऱ्यांचं झालं, पोहायला शिकल्याचं झालं, अकॅडमीत निवड झाल्याची तार त्यांना गाडीवर असताना कशी कळली तेही झालं. ताटं वाढून तशीच राहिली होती, कोणी उठायला तयार नव्हतं.

मग निरंजनच्या लग्नाचा विषय आला आणि नाना थांबले. मृणालकडे बघायला लागले.

तिने ग्लास खाली ठेवला. आलोककडे वळली.

"इसके आगे का मैं बताती हूँ," ती म्हणाली, आणि सांगू लागली.