मिस साहेब समथरला गेल्या, तो दिवस

झाशीत हुकूम गाजवणाऱ्या बायका दोनच झाल्या. पहिल्या राणीसाहेब आणि दुसऱ्या आमच्या मिशनच्या जनाना दवाखान्यातल्या मोठ्या मिस साहेब. मधे तिसरी कोणी होऊन गेली असेल, तर ती माझ्या ऐकिवात नाही. राणीसाहेबांकडे निदान घोडा, तलवार, फौज असं सगळं होतं. मिस साहेबांकडे एक मोडकी छत्री होती आणि एक आवाज होता. त्या आवाजात त्यांनी "कौन है वहाँ?" म्हटलं की फाटकाशी रेंगाळणारे नवरे, दीर, सासरे असे पांगायचे की त्यांच्याबरोबर गल्लीतल्या गायीही निघून जायच्या. सातासमुद्रापलीकडून त्या तरुणपणी इथे आल्या, इथेच त्यांचे केस पिकले आणि दर उन्हाळ्यात "अगले साल मैं घर जाऊँगी" म्हणत त्या इथेच राहिल्या.

मी त्यांच्या हाताखालची नर्स. माझे वडील नगरकडचे मराठी ख्रिस्ती, रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून झाशीला आले आणि खंडेराव गेटजवळ बिऱ्हाड करून राहिले. आजूबाजूला जुनी मराठी घरं पुष्कळ. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी, आमच्या मराठीत निम्मी हिंदी आणि मिस साहेबांच्या हिंदीत सगळंच, त्यामुळे कुणाचं कुणावाचून अडलं नाही. शेजारच्या काकू एकदा मला म्हणाल्या, "तुझी मिस साहेब भलतीच जबर हो! परवा आमच्या ह्यांना रस्त्यात म्हणाली, 'भाई जी, हटिए.' आणि हे हटले! लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी कधी हटले नाहीत." तेव्हापासून काकूंना साधी शिंक आली तरी त्या दवाखान्यात येऊ लागल्या.

मिस साहेबांचं वैद्यकशास्त्र जगावेगळं होतं. बायका आजारी नसतात, त्यांना कोणी झोपू देत नाही, असा त्यांचा सिद्धान्त. डोकं दुखो, पाठ दुखो, अंगात देवी येवो, पहिला उपचार एकच: "सो जाओ." लक्ष्मी गेटच्या एका हलवायाची बायको डोकं दुखतं म्हणून सासूबरोबर आली. मिस साहेबांनी हलवाइणीला आतल्या खाटेवर निजवलं. सासू कुरकुरायला लागली, तेव्हा तिला व्हरांड्यातल्या खाटेवर बसवून आमच्या आयाला तिचे पाय चेपायला लावलं. ही आया म्हणजे सगळ्या दवाखान्याची कक्को. बुंदेलीत काकूला कक्को म्हणतात, लाडक्या पोरीला बिन्नू. कक्कोच्या हातात अशी जादू होती की म्हैससुद्धा झोपली असती. संध्याकाळी हलवाई धापा टाकत शोधायला आला, तर आत बायको घोरतेय, बाहेर आई घोरतेय आणि दोघींच्या मधे छत्री घेऊन मिस साहेब पहाऱ्याला. "भट्ठी पर आप बैठिए," त्या त्याला दबक्या आवाजात म्हणाल्या. बिचारा गेला आणि भट्टीवर बसला. हलवाइणीची डोकेदुखी खरोखरच गेली.

त्यांची प्रार्थना ऐकण्यासारखी असे. आम्ही चर्चमध्ये मान खाली घालून देवाची करुणा भाकणारी माणसं. मिस साहेब देवाशी टांगेवाल्याशी बोलावं तशा बोलत. "प्रभु, आपने कल भी यही कहा था." मग थोडं थांबून, जणू पलीकडून काही सबब ऐकून घेतल्यासारखं, "नहीं, यह नहीं चलेगा." कक्को हिंदू, पण मिस साहेबांच्या प्रार्थनेला ती हटकून हजर राहायची. "ऐसी फटकार तो हम अपने भगवान खों कबऊँ न दे पाए," ती म्हणायची.

पण त्यांचं सगळ्यात मोठं खूळ म्हणजे गुरुवारची खुर्ची. दर गुरुवारी दवाखान्यातल्या सगळ्या बायकांची सभा भरे. व्हरांड्यात एकच खुर्ची ठेवत आणि त्या खुर्चीवर पाळीपाळीने प्रत्येकीने बसायचं. नर्सने, आयाने, झाडूवालीनेसुद्धा. जी बसेल तिचा त्या दिवशी हुकूम. मिस साहेब स्वतः चटईवर बसत आणि बोलायचं असलं की शाळेतल्या पोरीसारखा हात वर करत. झाडूवालीने तर आपल्या पाळीला त्यांना सरळ सांगितलं, "आप बहुत बोलती हैं, आज चुप रहिए." मिस साहेब सभा संपेपर्यंत चूप राहिल्या, आनंदाने त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मी मात्र त्या खुर्चीत कधी बसले नाही. माझी पाळी आली की माझं डोकं दुखू लागे. मला कुणाच्या तरी हाताखाली काम करायला आवडे. चूक झाली तर वर कोणीतरी आहे, याचा केवढा आधार असतो!

आता त्या लोकरीच्या गाठोड्यांचं सांगायलाच हवं. मिस साहेबांच्या देशात चर्चच्या बायकांचं एक मंडळ होतं. आमचा दवाखाना चाले तो त्या मंडळाच्या मदतीवर. या प्रेमळ बाया वर्षभर विणत आणि नाताळला गाठोडं धाडत: मफलर, पायमोजे, कानटोप्या, पोटाला बांधायचे पट्टे. झाशीच्या उन्हात दगड तडकतात, हे त्यांना कोण सांगणार? मिस साहेब जानेवारीतल्या एखाद्या गारठ्याच्या सकाळी आम्हा सगळ्यांना ते चढवून ओळीत उभं करत, फोटो काढून घेत आणि पाठवत. तिकडच्या बायांची समजूत झाली की झाशीला बारमाही हिवाळा असतो. एका गाठोड्यात तर एक अजब टोपी आली. गोल, जाड, वर गोंडा आणि दोन्ही बाजूंना एकेक भोक. कक्कोने ती उलटसुलट करून पाहिली आणि निकाल दिला, की तान्ह्या मुलाचे कान बाहेर राहावेत म्हणून ही भोकं. आम्हालाही पटलं. थंडीत जन्मलेली कितीतरी पोरं ती टोपी घालून घरी गेली.

देशाला स्वातंत्र्य मिळून थोडेच दिवस झाले होते, तेव्हा बातमी आली की मिस साहेबांचं वय झालं, त्यांनी आता परत जायचं. त्यांच्या मागे दवाखाना चालवायला इथे कोणी लायक आहे की त्याला कुलूप लावायचं, हे ठरवायला त्या मंडळाच्या अध्यक्षबाई जातीने येणार होत्या. मिस साहेब शांतपणे मला म्हणाल्या, "बेटी, तुम चलाओगी." मी म्हटलं, मला जमणार नाही, दुसरी एखादी मिस मागवा. त्या रात्री प्रार्थनेत देवाची चांगलीच खरडपट्टी निघाली.

अध्यक्षबाई आल्या त्या ऐन मे महिन्यात. बाहेर लू, अंग भाजणारं वारं, सुटलेली. कक्कोने आदल्या दिवशी आम्हा सगळ्यांना गोळा करून ठणकावलं होतं, "पाहुनी अपने हाथ सें बुन कें भेजत है, और हम न पहरें? नाक कट जैहै!" त्यामुळे सकाळी टांगा फाटकात शिरला तेव्हा आम्ही सगळ्या कानटोप्या, मफलर आणि लोकरीचे मोजे घालून स्वागताला उभ्या. घामाच्या धारा लागलेल्या. झाडूवालीने पोटाचा पट्टा साडीवरून बांधला होता. कक्कोच्या कडेवर एक तान्हं पोर, त्याच्या डोक्यावर ती भोकांची टोपी. अध्यक्षबाईंनी त्या पोराकडे बराच वेळ पाहिलं. ती चहाची किटली गरम ठेवायची टोपी होती, एका भोकातून तोटी आणि दुसऱ्यातून कान बाहेर काढायची, हे मला पुढे कळलं. त्या वेळी बाई एवढंच म्हणाल्या, "अगदी बरोबर बसली आहे." आणि मिस साहेब हसू दाबायला खांबाआड गेल्या.

दुपारी मिस साहेबांनी एकाएकी बॅग उचलली. "समथर जा रही हूँ, एक पुरानी मरीज़ है," म्हणाल्या आणि टांग्यात बसून गेल्या. पाहुणी घरात, बाहेर आग पाखडणारं ऊन आणि या निघाल्या कितीतरी कोसांवरच्या समथरला! आणि तासाभरात एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीत अडलेली बाळंतीण, पहिलटकरीण. तिची सासू मला धरून म्हणाली, "मिस साब कितै हैं? हमाई बहू मर जैहै!"

अशी अवघड बाळंतपणं मी पुष्कळ पाहिली होती, पण प्रत्येक वेळी माझ्या खांद्यामागे त्या असायच्या. आता मागे होत्या त्या फक्त अध्यक्षबाई, डोक्यावर फुलांची हॅट घालून, माझ्याहून जास्त घाबरलेल्या. पोरीने माझा हात घट्ट धरला, तेव्हा मात्र मला दुसरं काही सुचेना. कक्कोला पाणी आणायला पिटाळलं, सासूला डोक्याशी बसवलं आणि अध्यक्षबाईंकडे वळून मी इंग्रजीत चक्क ओरडले, "उभ्या काय राहिलात? हॅट काढा आणि वारा घाला!" बाईंनी हॅट काढली आणि वारा घालायला लागल्या. फुलं गळून जमिनीवर पडली तरी थांबल्या नाहीत.

मूल झालं ते निळं आणि मुकं. मी त्याचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळपायांवर टिचक्या मारल्या, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. काही होईना. मिस साहेबांनी देवाला झापलं असतं तसं झापायलाही मला शब्द सुचेना. पुन्हा फुंकर घातली, पुन्हा पाठ चोळली. आणि मग ते कार्टं असं रडलं की फाटकापाशी बसलेला बापही रडायला लागला.

सगळ्यात जास्त रडल्या अध्यक्षबाई. जमिनीवर फतकल मारून, चुरगळलेली हॅट मांडीवर घेऊन म्हणाल्या, "आमच्याकडे सभेत आम्हाला फक्त चहा द्यायला सांगतात. म्हणून आम्ही आपल्या विणत बसतो. मला आजवर कोणी कामाचा असा हुकूमच केला नव्हता गं." मग मीही त्यांच्या शेजारी बसले आणि दोघी मिळून रडलो. दवाखान्याला कुलूप लागणार नाही, हे मला तिथेच समजलं.

मिस साहेब दिवेलागणीला परतल्या. समथरहून माणूस त्याच दिवशी परतत नाही आणि परतला तर त्याच्यावर धूळ असते. यांच्या फ्रॉकवर जिलबीचा पाक होता. मला एकटीला पुढे ढकलायला त्या गावातच कुठेतरी जिलबी खात बसल्या होत्या, हा उलगडा झाला आणि मी भयंकर चिडले. "मूल गेलं असतं म्हणजे?" मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या. "अच्छी जलेबी थी," म्हणाल्या. मी पुढे दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्या मजेत शीळ घालत सामान बांधत होत्या.

त्या गेल्या. स्टेशनवर निम्मी झाशी लोटली होती आणि त्यांनी गाडीच्या गार्डलाही "हटिए" म्हणून सुनावलं. मग बऱ्याच दिवसांनी हलवाईण दवाखान्यात आली आणि बोलता बोलता म्हणाली, "उस दिन मिस साब पूरे टाइम हमारी ऊपरवाली खिड़की में बैठी रहीं, जहाँ से दवाखाने का फाटक दिखता है, गोद में बैग लेकर. नीचे टाँगा जुता खड़ा था. हमने जलेबी दी तो हाथ में पकड़े रहीं, खाई एक नहीं. बस बुदबुदाती रहीं, और हाथ ऐसे काँपते थे कि सारी चाशनी कपड़ों पर." दोन दिवस मी त्या बाईशी अबोला धरला होता! अजूनही त्यांची आठवण आली की प्रथम ते दोन दिवस आठवतात.

पण ही नंतरची गोष्ट. त्या गेल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कुठल्याशा खेड्यातली एक म्हातारी सुनेला धरून फाटकाशी आली. "मिस साब कौन हैं?" तिने विचारलं. कक्को माझ्याकडे पाहत होती, झाडूवाली माझ्याकडे पाहत होती. मी वळून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग मी पायऱ्या उतरून त्या पोरीचा हात धरला आणि म्हटलं, "आओ बिन्नू, भीतर आओ."