तणसाचं इंधन आणि आमचे डायरेक्टर साहेब

कुठल्याही लॅबमध्ये दोन गोष्टी साचतात, न धुतलेल्या बाटल्या आणि किस्से. आमच्याकडे बाटल्या मी धुवायचो, त्यामुळे किस्सेच उरले. जुनी मंडळी चहाला भेटली की एक जण एक सांगतो, त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि सगळ्यांचा हिरो एकच निघतो. आमचे डायरेक्टर साहेब!

आमचं संशोधन केंद्र गडचिरोली जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांना लागून. धान निघालं की मागे तणस उरतं, म्हणजे भाताचा पेंढा. त्या तणसात साखर असते. ती सुटी करायची, बॅक्टेरियाला खाऊ घालायची आणि त्याच्याकडून इंधन करून घ्यायचं. अडचण एवढीच, की त्यातल्या बऱ्याचशा साखरेला साधा बॅक्टेरिया तोंडच लावत नाही. मुलचेऱ्याकडची वैशाली मडावी त्याच्या जनुकांत बदल करून त्याला ती खायला शिकवत होती. दिल्लीची कमिटी येणार होती. तिच्या हातात तणसापासून केलेलं इंधन ठेवता आलं तर काम पुढे चालू, नाहीतर प्रोजेक्ट बंद, वैशालीची पीएचडी अर्धवट आणि ती घरी. शेवटी बॅक्टेरिया शिकला. साहेब काही शिकले नाहीत.

*

नवा फर्मेंटर आला. फर्मेंटर म्हणजे बॅक्टेरिया वाढवायची स्टीलची बंद टाकी. बाहेरचा जंतू आत गेला की खेळ खलास, म्हणून वैशालीने ती वाफेने निर्जंतुक करून घेतली आणि आपला बॅक्टेरिया आत सोडला. त्यावर साहेबांनी पूजा ठेवली. पूजेला कोणाची ना नाही, आम्हीही नव्या ट्रॅक्टरची करतो. हार झाला, नारळ झाला, हळदकुंकू झालं. मग साहेबांनी टाकीचं वरचं बूच उघडलं आणि मार्कंड्याहून आणलेलं वैनगंगेचं तीर्थ आत ओतलं.

मी म्हणालो, "सर, नदीचं पानी हाय ना थे."

"तीर्थ आहे," साहेब म्हणाले. "तीर्थात कुठं जंतू राहतात?"

आठवडाभरात त्या टाकीत वैनगंगेचे सगळे जीव सुखाने नांदत होते, फक्त आमचा नव्हता. साहेबांनी मीटिंग घेतली आणि दोष वैशालीच्या हातमोज्यांवर ढकलला.

*

एका वार्ताहराने विचारलं, तुमचा बॅक्टेरिया नेमकं करतो काय? साहेब म्हणाले, तणस खातो आणि पेट्रोल सोडतो. पेपरात तेच छापून आलं, वर साहेबांचा हसरा फोटो. तोवर आमच्याकडे चमचाभरसुद्धा इंधन झालेलं नव्हतं.

दुपारी एक काका मोटरसायकलला तणसाचा भारा बांधून गेटवर हजर. भारा ठेवून घ्या आणि टाकी फुल करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. मी पुष्कळ समजावलं, की अजून संशोधन सुरू आहे, काहीच तयार झालेलं नाही. त्यांनी खिशातून पेपर काढला आणि फोटोवर बोट ठेवलं.

"मंग हे काऊन हासून राह्यले?"



*

तणसाला वेळ लागतो म्हणून साहेबांना शॉर्टकट सुचला. मोहफुलात साखर आयतीच असते! त्यांनी पोती मागवली आणि मागच्या शेडमध्ये ड्रम भरभरून फुलं भिजत घातली. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. भिजलेल्या मोहाचा वास इथे शाळेतलं पोरगंही ओळखतं. वैशालीने सांगून पाहिलं, मीही सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, विज्ञानाला कसली बंदी?

पोलीस आले. साहेबांनी त्यांना खुर्च्या दिल्या आणि इंग्रजीत बायोफ्यूल समजावलं. हवालदारभाऊंनी सगळं अगदी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, धाडीत सापडते तो हरेक मानूस मले हेच सांगते, का हे पिवासाठी नाई."

ड्रम नाल्यात रिकामे झाले आणि साहेब जीपमध्ये बसले. ठाण्यातून सुटल्यावर त्यांनी स्टाफला एकत्र बोलावलं आणि स्थानिक कायद्यांची माहिती ठेवत जा म्हणून आम्हालाच झापलं.

*

बॅक्टेरियाला ऊब देणारं एक कपाट असतं, इन्क्युबेटर. हिवाळ्यात साहेबांच्या घरी दही लागेना, तेव्हापासून पातेलं इन्क्युबेटरमध्ये येऊ लागलं. दही आत, वैशालीचे फ्लास्क बाहेर टेबलावर कुडकुडत. तिने तक्रार केली तर साहेब म्हणाले, तुझ्या बॅक्टेरियाला जरा थंडीची सवय होऊ दे.

साहेब रविवारी नागपूरला जात. त्या दिवशी दही नसे. म्हणून वैशाली रविवारी काम करायची. ज्याला लोक नंतर केंद्राचं यश म्हणाले, ते सगळं तिच्या रविवारांचं आहे. मला त्या दह्याची आजही चीड येते.

*

तर एवढं सगळं होऊनही ते झालं. वैशालीच्या बॅक्टेरियाने तणसाची साखर खाल्ली आणि इंधन केलं. तिने ते गाळून, उकळवून, वेगळं करून अंगठ्याएवढ्या बाटलीत भरलं. साठवलेलं तणस संपलं होतं, पुन्हा तेवढं करायचं तर पुढचं धान निघेपर्यंत थांबावं लागणार होतं, आणि कमिटी तर उद्यावर. तिने बाटलीवर नाव लिहिलं आणि बाटली साहेबांच्या केबिनमधल्या कपाटात ठेवली. कुलूप असलेलं कपाट तेवढं एकच. त्या दिवशी माझे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कमिटीला आणायला बल्लारपूर स्टेशनवर गेलो. परत आलो तर गेटवर तोरणं आणि रांगोळी. आम्ही नसताना कोणी मोठे पाहुणे दौऱ्यावर येऊन गेले होते. कमिटीच्या अध्यक्षा वयस्कर आणि मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी चहा बाजूला सारला आणि म्हणाल्या, आधी सॅम्पल बघू.

वैशाली आत गेली. बाहेर आली तेव्हा बाटली तिच्या हातात होती, आणि रिकामी होती.

"सर, यातलं इंधन कुठी गेलं?"

साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी कमिटीकडे वळून सगळं रंगवून सांगितलं. पाहुणे दारात उभे, आरतीचं ताट तयार, आणि ऐन वेळी निरांजनात तेल नाही. मग त्यांना सुचलं, घरचं इंधन असताना तेल कशाला? त्यांनी स्वतःच्या हाताने वात लावली आणि पाहुण्यांना ओवाळलं.

अध्यक्षाबाईंनी चष्मा काढला. "सगळं वापरलंत?"

"सगळं, मॅडम," साहेब म्हणाले. "आणि ज्योत शेवटपर्यंत विझली नाही!"