डब्यावरचं नाव

सोल्डरिंगच्या धुराचा वास आला की मला गेवराईतलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. तेव्हा मी लग्नातल्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो, पण ढोल आणि बँजोपुढं ती कुणाला ऐकूच यायची नाही. म्हणून जुन्या रेडिओतला ट्रान्झिस्टर काढून मी आवाज वाढवणारा बूस्टर जुळवला आणि तो बसवायला आईचा स्टीलचा डबा उचलला. झाकणावर मामानं तिचं माहेरचं नाव कोरून दिलेलं. लग्नात नाव बदललं, तेव्हापासून ते फक्त त्या डब्यावरच उरलं होतं. त्या नावाला खेटून मी भोक पाडलं आणि बटण बसवलं. मागं वळलो तर आई उभी. डबा गेला म्हणून ती ओरडली नाही. अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली, "नाव तेवढं शाबूत ठिवलंस. आन् ह्ये बटण हातानं दाबायचं का?" "न्हाई, पायानं. डबा खाली ठिवायचा, हात गिटारवर असत्यात." तिचं बोट थांबलं. "म्हंजी माझ्या नावावर पाय देणार व्हय रं?" मी ते बटण हातानंच दाबून पाहिलं. अजूनही गाण्यात गिटारची वेळ आली की मी खाली वाकतो आणि ते बटण हातानं दाबतो. लोक कौतुकानं म्हणतात, "लई गुणी हाय, पाया पडून वाजवतो." मी ते खोडून काढत नाही.