आंबट आणि कडू, एकाच कपात

तिसरा कप चौदा सेकंदांत भरला. चौथ्याला एकेचाळीस सेकंद लागले. कॉफी तीच, मशीन तेच, करणारी तीच. मी धुळ्यातल्या एका घरी, स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मोबाइलवर वेळ मोजत होतो.

मी कॉफीचा माणूस नाही. जळगावच्या एका डाळमिलमध्ये एकतीस वर्षं काम केलं. फिटर म्हणून लागलो, मेंटेनन्स इनचार्ज म्हणून रिटायर झालो. धुळ्याचे आबा आमच्या मिलची डाळ घेणारे जुने व्यापारी. त्यांचा फोन आला, की सुनेच्या कॉफी मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे, सर्व्हिसवाला येऊन सगळं ओके आहे सांगून गेला, नाना, तुम्ही एकदा बघून जा. मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही. आबा म्हणाले, मलाही नाही कळत, म्हणून तर बोलावतोय. शुक्रवारी सकाळच्या एसटीने गेलो.

सुनेचं नाव पूर्वा. लग्नाआधी ती पुण्यात एका कॅफेत कामाला होती. आबांच्या घराखालचा गाळा रिकामा झाला होता, तिथे तिला कॉफीचं दुकान काढायचं होतं. तोच गाळा एका कापडवाल्याला गोडाऊनसाठी हवा होता. आबांनी तिला रविवारपर्यंत मुदत दिली होती. रविवारी घरातली मोठी माणसं तिची कॉफी पिणार आणि मग आबा ठरवणार.

पूर्वाने मला आधी एस्प्रेसो म्हणजे काय ते समजावलं. बारीक दळलेली कॉफी एका जाळीच्या वाटीत भरायची, दट्ट्याने दाबायची आणि तिच्यातून जोराच्या प्रेशरने गरम पाणी ढकलायचं. अठरा ग्रॅम पावडर, छत्तीस ग्रॅम कॉफी, वेळ पंचवीस ते तीस सेकंद. पाणी लवकर निसटलं तर कॉफी आंबट, रेंगाळलं तर कडू. वजन ती प्रत्येक वेळी काट्यावर करत होती. बियाही ताज्या होत्या.

मी पंप तपासला. जाळीच्या जागी बंद वाटी लावून प्रेशर बघितलं. बरोबर येत होतं. मग मला वाटलं, राहिला फक्त हात.

“ताई, दाबण्यात फरक पडतोय. हात बसायला वेळ लागतो,” मी म्हणालो.

महिनाभर घरातले सगळे तिला हेच सांगत होते, ते मला नंतर कळलं. ती आत गेली आणि बाथरूममधला वजनकाटा घेऊन आली. तो ओट्यावर ठेवून त्यावर तिने दहा वेळा दट्टा दाबून दाखवला. दहाही वेळा काटा पंधरा किलोच्या आसपास थांबला.

“नाना, माझा हात चुकत असेल तर कुठे चुकतो ते दाखवा,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

सुमनअक्का तिथेच पोळ्या लाटत होत्या. त्या मूळच्या एरंडोलकडच्या, या घरात वीसेक वर्षं स्वयंपाकाला. बाजूला ठेवलेल्या कपातला एक घोट त्यांनी घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“हाई कडू बी शे अन आंबट बी शे.”

मी पूर्वाकडे बघितलं. लवकर निसटलं तर आंबट आणि रेंगाळलं तर कडू, मग एकाच कपात दोन्ही कसं? ती म्हणाली, तेच तर मला कळत नाहीये.

मला मात्र आता गंमत वाटायला लागली. बटाट्याच्या भाजीत काही फोडी मोठ्या, काही बारीक चिरल्या, तर मोठ्या कच्च्या राहतात आणि बारीक करपतात. आच तीच असते. म्हणजे दोष मशीनमध्ये नसून दळण्यात असला पाहिजे. अक्कांकडून मैद्याची चाळण मागितली. पूर्वाने कॉफी दळून दिली, मी चाळली. खाली धूळ पडली आणि वर रव्यासारखा दाणा राहिला. दोन गिरण्यांचं दळण एकत्र केल्यासारखं. वाटीत धूळ जास्त आली की पाणी अडायचं, दाणा जास्त आला की निसटायचं.

मग कॉफी दळायचा ग्राइंडर उघडला. आत स्टीलच्या दोन दातेरी चकत्या होत्या. त्यांना बर म्हणतात. जात्याच्या दोन दगडांसारखंच काम, एक स्थिर, दुसरी फिरती. या दोघी एकमेकींना अगदी समांतर हव्यात. त्यालाच आम्ही अलाइनमेंट म्हणतो. एक बाजू किंचित जरी वर असली, तरी तिकडे दळण बारीक होतं आणि समोरच्या बाजूने जाडं सुटतं.

हे तपासायची आमची मिलमधली पद्धत साधी आहे. पूर्वाकडून मार्कर घेतला आणि चकतीच्या कडेला गोल रंगवलं. चकत्या एकमेकींना टेकेपर्यंत आवळल्या, हाताने फिरवल्या आणि पुन्हा उघडल्या. शाई सगळीकडून सारखी पुसली जायला हवी होती. ती एकाच बाजूची पुसली गेली होती.

मी म्हटलं, “ताई, मघाशी मी चुकीचं बोललो.” ती म्हणाली, “आता दुरुस्त कसं करायचं ते सांगा.”

खाली गेलेल्या बाजूला पातळ पत्र्याचा तुकडा सरकवतात, त्याला शिम म्हणतात. इथे पत्राही जाड झाला असता. अक्का पोळ्या ज्या फॉइलमध्ये गुंडाळतात, त्याचा नखाएवढा तुकडा कापला. पहिल्यांदा कमी पडला. दुसऱ्यांदा जास्त झाला. तिसऱ्यांदा शाई सगळीकडून सारखी गेली.

पूर्वाने कॉफी लावली. मशीन घुमत राहिलं आणि कपात थेंब पडेना. निदान चालत तरी होतं, तेही मी बिघडवलं, असंच वाटलं. पूर्वाने मात्र पावडर चिमटीत धरून बघितली आणि म्हणाली, सगळंच बारीक पडतंय, पाण्याला वाट नाही. तिने ग्राइंडर दोन खुणा जाडा केला. पुढचा कप सत्तावीस सेकंदांत भरला. त्यानंतरचा अठ्ठावीस.

रविवारी मी मुद्दाम पुन्हा गेलो. आबा, त्यांचे धाकटे भाऊ, थोरली बहीण आणि आबांच्या पत्नी, म्हणजे काकी. पूर्वाने चार कप केले. भाऊंनी साखर मागितली. बहीण म्हणाल्या, औषधासारखं लागतं. काकींनी अर्धा कप तसाच ठेवला. पूर्वा ओट्याला टेकून उभी होती.

आबांनी आपला कप संपवला. मग बाकी तिघांच्या कपांतला एकेक घोट घेतला. घरात कुणी असं करत नाही, म्हणून सगळे बघत राहिले.

“चव मला कळत नाही,” ते म्हणाले. “पण चारही कप सारखे आहेत, ते कळतं. माल सारखा असला की गिऱ्हाईक कुठून तरी येतं.”

कापडवाल्याला त्यांनी तिथूनच फोन करून नाही सांगितलं. पूर्वा पाचवा कप करायला वळली आणि तो अक्कांना दिला.

एकतीस वर्षांत मी किती ऑपरेटरना हात बसलेला नाही म्हणून सुनावलं, त्याची गणती नाही. त्यातल्या किती वेळा आधी मशीन उघडून बघितलं होतं, ते आठवायला गेलं की बरं वाटत नाही. माणसाला दोष देणं सोपं असतं. त्याला पाना लागत नाही.