अर्थाची तार

कर्जतजवळच्या भिसेगावच्या चंद्रभागेला कुणी विचारलं, की बाई, मुलगा कुठं असतो, तर ती 'नेरळला' म्हणायची नाही. 'लांब असतो' म्हणायची. कर्जतहून नेरळ म्हणजे गाडीत नीट टेकून बसावं तोवर उतरायची वेळ येते, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण ज्या मुलाला आईकडं यायला वर्ष लोटावं लागतं, तो बायकोला घेऊन नेरळच्या टॉवरात राहिला काय आणि लंकेत राहिला काय, सारखंच.

तिचा नवरा धर्माजी वारला, त्याच्या पुण्यानुमोदनाला रुपेश आला होता, पंगतीला जेवला होता. त्यानंतर आला तो उभ्या उभ्याच. कधी कुठल्या दाखल्याची झेरॉक्स हवी म्हणून, कधी बापाचा रेनकोट हवा म्हणून. दारात मोटारसायकल बंदसुद्धा करायचा नाही. ती फुरफुरत राहायची आणि हा घाईघाईनं बोलायचा.

अशा रुपेशचा एके दिवशी आपणहून फोन आला. चंद्रभागा ओट्याशी बसून सुकट निवडत होती.

"आई, माझा तो टीव्हीवरचा गेम आहे का गं अजून? टाकला नाहीस ना?"

"टाकीन कशाला रं? माळ्याव हाय. फडक्यात बांधून ठेवलाय."

"चालू आहे का पण?"

"चालू नसायला काय झालं?" तिनं ठोकून दिलं. गेली कित्येक वर्षं तिनं ते गाठोडं सोडलंही नव्हतं.

"नीट बघ हं लावून. चालू असेल तर रविवारी येतो."

फोन बंद झाला. त्याच्या सगळ्या बोलण्यातला 'येतो' तेवढा तिनं उचलला आणि बाकीचं तिथंच सोडलं. आयांना ही खोड असते. मुलगा वाक्यभर बोलतो आणि या आपल्याला हवा तो शब्द वेचून घेतात, सुकटीतला कचरा बाजूला सारावा तसा.

हा गेम घरात आला तो धर्माजीमुळं. खालापूरच्या बाजूला एका मोठ्या बंगल्यावर तो रखवालीला होता. शेठची मुलं मोठी झाली, अडगळ बाहेर निघाली, तेव्हा शेठाणीनं ती काळी जपानी पेटी, दोन रिमोट आणि चार कॅसेटी त्याच्या हातात ठेवल्या. पोरासाठी धर्माजीनं ते सगळं सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणलं. रुपेश तेव्हा शाळेत होता. आळीत कुणाकडं असलं काही नव्हतं. पण आळीतली पोरं एकदोनदा रिमोट आपटून गेली, तेव्हापासून रुपेश दार लोटून घ्यायचा आणि खेळायला गडी म्हणून आईला बसवायचा.

ती चांगली खेळायची, हे सांगितलं तर आज कुणाला खरं वाटणार नाही. कंपनीच्या गाडीतून उतरायची, हातपाय धुवायची आणि चुलीवर भात ठेवून पोराशेजारी बसायची. पडद्यावर दोन बाहुले पळायचे, पुढचा रुपेशचा, मागचा तिचा. "आई, उडी मार! आता मार!" असा तो ओरडायचा. तिच्या बोटांना कारखान्यात वायरी जोडताना सोल्डरचे चटके बसलेले असत, बटण दाबताना ते हुळहुळत. पण पोरगं खांद्याला खांदा लावून बसलेलं असे. तिच्या अख्ख्या आयुष्यात तिला कुणी इतकं चिकटून बसलं नव्हतं. धर्माजी भला माणूस होता, पण खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसणारा.

चंद्रभागा मूळची पोशीरची. माहेरी भातलावणी केली, सासरी येऊन वीट वाहिली, आणि मग खालापूरकडच्या एका केबलच्या कारखान्यात ठेकेदाराकडून लागली. लांबलचक टेबल. अलीकडं बायकांची एक रांग, पलीकडं समोरासमोर दुसरी. अलीकडच्या बाईनं वायरीच्या एका टोकाला पिवळी, पांढरी, तांबडी अशा मोठ्या पिना जोडायच्या. पलीकडच्या बाईनं दुसऱ्या टोकाला बारीक पिनांचा गोल प्लग. टाका मारायचा, वायर ढकलायची, पुढची ओढायची. चंद्रभागेनं तिथं जन्म घालवला म्हटलं तरी चालेल, पण पलीकडचं टोक तिनं कधी हातात धरलं नाही. तसा नियमच होता. जिला दोन्ही टोकं आली तिनं उद्या घरी धंदा काढला तर, ही मालकाची भीती असावी. मग यंत्रं आली, ठेकेदारानं एका सकाळी गाडीच पाठवली नाही, आणि बायका रस्त्यावर उभ्या राहून राहून घरी गेल्या.

तिच्या समोर बसायची ती चिंधी, डोंगराखालच्या ठाकरवाडीतली. दोघींच्या मध्ये सदा एक वायर ताणलेली. नवऱ्याशी बोलली नसेल इतकं चंद्रभागा त्या वायरीवरून चिंधीशी बोलली होती.

असो. गाठोडं सोडलं तर आत पेटी धड होती, रिमोट धड होते, आणि टीव्हीला जोडायची वायर उंदरांनी खाल्लेली. गोल प्लगचं बोंडूक तेवढं उरलं होतं. रुपेशला सांगितलं असतं की बाबा, वायर गेलीय, तर तो म्हणाला असता, "मग राहू दे." आणि राहूनच गेला असता. ते 'राहू दे' तिला ऐकायचं नव्हतं.

कर्जतच्या बाजारात विचारून आली. दुकानदार म्हणाला, "मावशी, असली वायर आता येत नाही. घरातला जुना टीव्हीचा डबा चालतोय तोवर बघून घ्या." ती परत आली ती मनाशी ठरवूनच. कारखाना सुटल्यावर तिनं सोल्डर करायची विजेची एक कांडी घेऊन ठेवली होती. आळीतल्यांच्या चार्जरच्या तुटक्या वायरी जोडून द्यायची. आता वायर कुठली घ्यायची? तर टीव्हीला सेट-टॉप बॉक्सकडून येणारी, तीन रंगांची, चांगली चालती वायर तिनं ओढून काढली आणि एका बाजूच्या पिना कात्रीनं छाटल्या. संध्याकाळी मालिका बघायला येणाऱ्या शेजारच्या रोहिणीनं कपाळावर हात मारला. "काकी, अगं चालती वायर कापलीस?"

"माजा पोरगा येतोय," चंद्रभागा म्हणाली. जसं काही त्यानं सगळ्याचं उत्तर झालं.

जुन्या प्लगचं रबर पात्यानं तासलं तेव्हा उरलेसुरले तारांचे बुंधेही निघून आले. कुठली तार कुठल्या पिनेला होती ते कळायला मार्ग राहिला नाही. मग रोहिणीच्या मोबाइलवर तसल्या प्लगचं चित्र शोधलं, पिनांचे आकडे बघितले. ही चित्राची, ही आवाजाची, आणि ही अर्थ. कारखान्यात जमिनीच्या तारेला सगळ्या बायका अर्थच म्हणत. अर्थ बसला नाही तर बाकी सगळं जोडून उपयोग नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलेलं. चंद्रभागेनं नाकाच्या शेंड्यावर चष्मा ओढला आणि आकडे मोजून टाके मारले. देखणे, गोल, चकचकीत टाके. हात काही विसरला नव्हता.

पेटी लावली. लाल दिवा लागला. टीव्हीनं नुसतं घूं केलं आणि पडदा काळाच राहिला. टाके उकलून पुन्हा मारले. पुन्हा घूं. रविवार जवळ आलेला. तिला रडू आलं ते रागाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टमटम धरून ती ठाकरवाडीच्या रस्त्याला गेली. चिंधी आता एका फार्महाऊसवर हिरवळीतलं गवत उपटायला जायची. म्हणजे बघा, गवतातलं गवत उपटायचं, मुंबईकराला एकाच जातीचं हवं म्हणून. कुंपणाशीच दोघी बसल्या. चिंधीनं वायर हातात घेतली, प्लग उलटासुलटा केला आणि हसली.

"चंदे, तू तोंडाकडनं मोजलंस आणि पाठीकडनं जोडलंस."

"म्हंजी?"

"तुजं चितार हाय ते पिना आपल्याकडं करून काढलेलं. टाका मारतो आपुन मागनं. उलटं झालं ना समदं? डावी ती उजवी. तू जलमभर तुज्याच बाजूनं बघितलंस, पलीकडनं कसं दिसतं ते तुला कुटं ठावं! अर्थच उलटा लावलास बघ."

चंद्रभागा ओशाळली. मग कशासाठी एवढी धडपड ते सांगून टाकलं. रुपेश येतोय, चालू असेल तर येतो म्हणालाय, आम्ही दोघं खेळायचो. चिंधी ऐकत होती, हातातलं गवत खाली टाकत होती.

"चालू हाय का, आसं इचारलंन?"

"व्हय."

"तू बरी हायस का, त्ये इचारलंन?"

चंद्रभागा वायर गुंडाळायला लागली.

"आमच्याकडं बोकड बघाया येतात ना, ते पन आधी हेच इचारतात. खातोय का, चालतोय का." एवढं बोलून चिंधी उठली. ती वाईट बाई नव्हती. पण खरं बोलणाऱ्याचा राग येतोच, आणि चंद्रभागेला तो घर येईपर्यंत पुरला. माझं पोरगं घरी येतंय ते चिंधीला बघवत नाही, असंसुद्धा मनात आलं. इतकी वर्षं समोर बसलेल्या मैत्रिणीविषयी असं यावं, याची तिला तेव्हा लाजही वाटली नाही.

मात्र टाके तिनं चिंधीच्या सांगण्याप्रमाणंच फिरवले. आणि काय सांगावं! पडदा निळा झाला, ओळखीचं संगीत वाजलं, बाहुला उड्या मारत उभा राहिला. चंद्रभागा एकटी त्या खोलीत टाळ्या वाजवत हसली.

रविवारी तिनं गावठी कोंबडी केली, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, खाटेवर धुतलेली चादर घातली. टीव्हीसमोर चटई टाकून दोन्ही रिमोट शेजारी शेजारी मांडले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातली गत.

रुपेश आला. मोटारसायकल बंद केली! तिनं ते दारातूनच ऐकलं. आत येऊन त्यानं पडदा बघितला आणि त्याचा चेहरा असा उजळला की तिला तो शाळेतला रुपेशच दिसला.

"आई! खरंच चालू आहे की! वायर कुठली लावलीस?"

"मीच केली."

"भारीच."

तो चटईवर बसला. तीही गुडघे धरत त्याच्या शेजारी बसली, आपला रिमोट हातात घेतला. रुपेशनं मोबाइल काढून एका हातात धरला आणि दुसऱ्या हातानं खेळ सुरू केला. बाहुला पळू लागला. हा सूनबाईला दाखवायला शूटिंग करतोय, असं समजून तिनं पदर सावरला, केस नीट केले.

"आई, जरा सरक गं. तुझा हात येतोय मधे."

ती सरकली.

"अजून थोडी."

ती भिंतीला टेकेपर्यंत सरकली. त्यानं पेटी सगळ्या बाजूंनी टिपली, कॅसेटी टिपल्या, रिमोटवरचा आकडा टिपला. तिच्या हातातला रिमोटही मागून घेतला, तोही टिपला. मग मोबाइलवर काहीतरी लिहिलं, कुणाशी बोलला. "हो हो, वर्किंग कंडिशन. व्हिडिओ पाठवलाय बघा. आज देतो की, पनवेलला भेटू." फोन ठेवला आणि उठून पेटीच्या वायरी काढायला लागला.

"आई, लोक वेडे झालेत या जुन्या गेमसाठी. बंद असता तर कुणी हात लावला नसता. तू चालू केलास म्हणून चांगला भाव आला."

चंद्रभागा भिंतीला टेकून बसली होती. कोंबडीचा वास घरभर होता.

"जेवून तरी जा."

"नको गं, तो माणूस थांबलाय." त्यानं पेटी पिशवीत घातली, आणि तिनं केलेली वायर गुंडाळून तिच्या हातात दिली. "ही राहू दे. त्याच्याकडे ओरिजिनल आहे. घरी केलेली बघितली तर उगाच भाव पाडेल. तू ठेव, आठवण म्हणून."

"आठवन मला हाय रं," ती म्हणाली. "वायर नसली तरी हाय."

त्याला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. तो चपला घालत होता. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण कुणा आईनंच पहिल्यांदा उच्चारली असणार. वैद्याला एवढं लागलं नसतं. दारात जाऊन तो वळला, जरा अवघडला, आणि जाताना काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"येतो गं आई परत. सवडीनं."

"ये की," चंद्रभागा म्हणाली. "पन आता न्येन्याजोगं काय उरलंय रं घरात?"

हे ती कुणाविषयी बोलत होती, ते उंबऱ्याबाहेरच्या कुत्र्यालाही कळलं असतं. रुपेश मात्र थांबला आणि त्यानं खरंच घरभर नजर फिरवली. फळीवर, माळ्यावर, खाटेखाली. भिंतीला टेकलेल्या आईवरून ती नजर न अडखळता पुढं गेली.

"हां," तो म्हणाला, "बाबांचा तो जुना रेडिओ होता ना गं? तो चालू आहे का?"