एक मूठ गाळ

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचो. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी एम.फिल.साठी कोकणातून समुद्राचं पाणी कॅन भरभरून एसटीनं आणलं, सोबत काही दगड. दगडांवर समुद्री शेवाळाची कोवळी रोपं होती. भिंगातून हिरवी लव दिसायची, एरवी नुसता दगड. प्राचार्यांनी लगेच खोलीवर 'सागरी संशोधन केंद्र' अशी पाटी लावली आणि उद्घाटनाला पाहुणे ठरवले.

मॅडम आठवडाभर गावी गेल्या. काचेची टाकी माझ्यावर सोपवली. "सर, काहीही करायचं नाही. हवेचा पंप बंद पडला तर फक्त चालू करा. ही रोपं गेली तर माझं वर्ष गेलं."

तिसऱ्या दिवशी सणसरहून वडील आले. काचेला नाक लावून बघत राहिले.

"नुसता दगूड हाय की. खानार काय ती?"

"आबा, समुद्रातलं आहे ते."

"म्हून उपाशी ऱ्हायाचं व्हय? मास्तर झालास, पर रोप कशात धरतंय ठावं न्हाय. मूठभर गाळ टाक."

आमच्याकडे गाळाला कुणी वाईट म्हणत नाही. तळ्यातला गाळ पसरला की माळावर ऊस उभा राहतो. पाटीवर माझा विश्वास नव्हता, गाळावर होता. संध्याकाळी कालव्याच्या कडेची एक मूठ आणून टाकली.

पाणी चहासारखं झालं. सकाळी निवळलं, तेव्हा मला बरं वाटलं. मग दगड दिसले. प्रत्येकावर तपकिरी साय. मी पाणी ढवळलं. गाळ उठला, फिरला, आणि घाई न करता पुन्हा तिथंच बसला. नंतरचे चार दिवस मी रोज डोकावत होतो. पाणी रोज अधिक नितळ, दगड अधिक गप्प.

मॅडमनी आल्या आल्या एक दगड कुंचल्यानं हलकेच झाडला आणि भिंग धरलं. मग दुसरा. मग सगळे. हिरवी लव कुठंच उरली नव्हती.

"यांना मुळं नसतात, सर. दगडाला चिकटायचं आणि उजेडावर जगायचं. गाळाखाली उजेड कुठला? किती टाकलात?"

"एक मूठ."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

उद्घाटनाला पाहुण्यांनी टाकीतल्या नितळ पाण्याचं कौतुक केलं. मॅडम मागच्या रांगेत बसल्या होत्या.

रविवारी गावी गेलो तेव्हा आबांनी विचारलं, "उगवलं का रं?"

मी म्हणालो, "गाळ चांगला होता."